पहिल्या स्लाइडचा मान

"अश्लेषा, चेअरमन लहान झाले," इरफान म्हणाला.

मी चहाचा कप खाली ठेवला. समोरच्या कॉम्प्युटरवर पहिली स्लाइड उघडी होती. तिच्यावर गोरसधारा दूध संघाच्या संस्थापकांचा आणि अकराही संचालकांचे फोटो होते, आणि चेअरमनांचा फोटो खरोखरच पासपोर्टएवढा झाला होता. शेजारी संचालक आनंदराव खोत हळूहळू मोठे होत होते. आमच्या डोळ्यांदेखत त्यांचा फेटा स्लाइडच्या वरच्या कडेला जाऊन टेकला.

"कोण करतंय हे?"

"खोतांचा माणूस. निळा बाण बघ, नाव दिसतंय की त्याचं."

"मग फोन लाव त्याला."

"लावला. तो म्हणतो, मॅडमनीच सांगितलंय, ज्याला जे पाहिजे ते त्यानं बदलावं म्हणून."

सांगितलं होतं मी. चांगलं छाती पुढं काढून सांगितलं होतं.

दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. अकराला संघाची वार्षिक सभा. बाहेर मांडवात चार हजार सभासद जमत होते, दोन मोठे पडदे लागले होते, आणि सोळा वर्षांत पहिल्यांदाच त्या पडद्यांवर पेनड्राइव्हमधली पीपीटी नव्हे तर आमचं 'फलक' दिसणार होतं. फलक म्हणजे इंटरनेटवर चालणारं स्लाइडचं सॉफ्टवेअर. कॉम्प्युटरवर काही बसवायला नको, सीडी नको, पेनड्राइव्ह नको. एक लिंक पाठवायची, ज्याला ती मिळाली त्यानं आपल्या गावात बसून त्याच स्लाइडवर लिहायचं, आणि लिहिलेलं सगळ्यांना त्याच क्षणी दिसायचं. प्रत्येकाच्या नावाचा एकेक रंगीत बाण. आज शाळेतली पोरं असल्या गोष्टी करतात, पण मी सांगतेय ते चौदा वर्षांपूर्वीचं. तेव्हा हे दाखवलं की माणसं कॉम्प्युटरच्या मागं वाकून बघायची, तार कुठून आलीय म्हणून.

ते आम्ही दोघांनी केलं होतं. मी आणि इरफान मुजावर, कोल्हापुरात शाहूपुरीत एका पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत. दोन वर्षं खपलो. कॉलेजं, कारखाने, पतसंस्था, सगळीकडं तेच उत्तर मिळायचं: "चांगलं आहे हो, पण आमच्याकडं आहे की ऑफिसचं सॉफ्टवेअर. त्यात काय वाईट आहे?" शेवटी दूध संघाचे एमडी नलवडे साहेब म्हणाले, वार्षिक सभेत चालवून दाखवा, चाललं तर पाच वर्षं सगळ्या केंद्रांत घेऊ. इरफानला बंगळूरच्या नोकरीचं पत्र आलेलं होतं, एक तारखेला हजर व्हायचं होतं. आमचं ठरलं होतं की सभा जिंकली तर तो राहणार, हरली तर फलक बंद करायचं, तो बंगळूरला जाणार आणि मी मामाच्या टायपिंग क्लासात शिकवायला बसणार. मला टायपिंगचा तिटकारा होता. पण खरं सांगायचं तर फलक बंद करायच्या नुसत्या विचारानं मला रडू यायचं.

दहा दिवस आधी मी ते संचालक मंडळाला दाखवलं तेव्हा खोलीच्या दाराशी शशिकांत गुरव उभे होते. संघाचा संगणक विभाग म्हणजे गुरवअण्णा. सोळा वर्षं दर सभेची पीपीटी त्यांनीच केली होती. अक्षरं उडत यायची, प्रत्येक अक्षराबरोबर गाडीला ब्रेक लावल्यासारखा आवाज व्हायचा, आणि सभासदांना ते फार आवडायचं. सभेच्या आधीचे आठ दिवस अकरा तालुक्यांतून पेनड्राइव्ह यायचे, चिठ्ठ्या यायच्या, फोन यायचे. अण्णांच्या टेबलावर 'अंतिम', 'अंतिम दोन', 'अगदी अंतिम' अशा नावांच्या फायली साठायच्या आणि शेवटी सगळ्या त्यांच्या डोक्यातून एकत्र व्हायच्या.

"ही कटकट संपली," मी त्या दिवशी म्हटलं होतं. "फलकमध्ये सगळ्यांना सारखे अधिकार. कुणी कुणाच्या मागं धावायचं नाही."

"सगळ्यांना?" अण्णांनी दारातून विचारलं.

"हो अण्णा."

"अकराच्या अकरा जणांना? पहिल्या स्लाइडवर बी?"

"सगळ्या स्लाइडवर."

"बरं," अण्णा म्हणाले आणि निघून गेले. म्हाताऱ्याला पोटदुखी झालीय, असं मी इरफानच्या कानात म्हटलं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि माझ्या तोंडाला कुलूप नव्हतं.

तर दहा वाजून पाच मिनिटांनी चेअरमन लहान झाले. दहा वाजून सहा मिनिटांनी चेअरमनांच्या माणसानं त्यांना मोठं केलं, आणि हिशेब चुकता करायला खोतांना तळाशी नेऊन ठेवलं. सातव्या मिनिटाला व्हाइस चेअरमन चेअरमनांच्या उजवीकडं आले. आठव्याला दोन फोटोंच्या मधून तिसरेच कुणी डोकावायला लागले. साडेदहा वाजले तरी तेच चाललं होतं. लाल, हिरवे, निळे, जांभळे बाण स्लाइडवर नुसते माश्यांसारखे घोंघावत होते. मला आधी हसू आलं, मग ते अर्ध्यावरच राहिलं. आमच्या भागात पत्रिकेवर नाव एक ओळ खाली गेलं तर माणूस लग्नाला जात नाही. फ्लेक्सवर कुणाचा फोटो किती मोठा आणि कुणाच्या शेजारी, यावरून पॅनेलं फुटतात. हे मला काय माहीत नव्हतं? मी इथलीच. पण सॉफ्टवेअर करताना हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण मी पडद्याकडं बघून सॉफ्टवेअर केलं होतं, माणसांकडं बघून नव्हे.

"हा बघ," इरफान म्हणाला. "हा करडा कोण आहे?"

सगळ्या रंगीत बाणांत एक करडा बाण होता. त्याला नाव नव्हतं. लिंक उघडून ज्यानं नाव लिहिलंच नाही त्याला फलक करडा बाण द्यायचं. तो प्रचंड वेगानं फिरत होता. इकडून फोटो उचलला, तिकडं ठेवला, लगेच दुसऱ्यावर गेला. जिथं गोंधळ तिथं करडा बाण हजर.

"हाच चिथावतोय सगळ्यांना," मी म्हटलं. "बाकीच्यांची निदान नावं तरी आहेत. हा लपून करतोय."

"कोण असेल?"

"कोण असणार? आपलं पडावं असं कुणाला वाटतंय इथं?" मी पार्टिशनकडं मान वळवली. पलीकडं संगणक विभाग होता. "अण्णांचाच कुणीतरी पाव्हणा असेल."

"बाहेर काढू?"

"सरक, मीच काढते."

मी करड्या बाणावर क्लिक केलं, 'प्रवेश बंद' दाबलं. बाण गेला. मला इतकं बरं वाटलं की मी थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

त्यानंतरची तीन मिनिटं मी कधी विसरणार नाही. व्हाइस चेअरमन दोन ठिकाणी दिसायला लागले. चेअरमनांचा फोटो आडवा झाला. एक महिला संचालक स्लाइडवरून गेल्याच. आणि मग हिरव्या बाणानं जागा करण्याच्या नादात संघाचे संस्थापक आबासाहेब, हार घातलेला तो जुना फोटो, उचलला आणि डाव्या कोपऱ्यात सगळ्यांच्या पायाशी नेऊन ठेवला. त्याच वेळी बाहेर मांडवात प्रोजेक्टरवाल्यानं पडदा तपासायला म्हणून आमची स्लाइड लावली. आधी पुढच्या रांगांतून कुजबुज आली, मग एकदम आवाज वाढला.

"अश्लेषा," इरफान म्हणाला, "नोंद बघ."

प्रत्येक बदल कुणी केला, किती वाजता केला, काय पुसलं, हे सगळं फलक जपून ठेवायचं. इरफाननं ती यादी उघडली होती. निळ्यानं खोतांना मोठं केलं, करड्यानं जागेवर आणलं. हिरव्यानं चेअरमनांना सरकवलं, करड्यानं परत ठेवलं. जांभळ्यानं, करड्यानं. लालनं, करड्यानं. पंचवीस मिनिटांत सत्तेचाळीस वेळा.

"तो बिघडवत नव्हता," इरफान म्हणाला. "तो एकटा सगळं धरून बसला होता. आणि आपण त्याला हाकललं."

"कुठून बसला होता?"

इरफाननं बोटानं ओळ दाखवली. याच इमारतीतला कॉम्प्युटर होता.

मी पार्टिशनच्या पलीकडं गेले. संगणक विभागात एकच माणूस होता. गुरवअण्णा नाकावर चष्मा घेऊन पडद्याकडं बघत होते, उजवा हात अजून माउसवर होता. पडद्यावर आमचा लाल चौकोन होता.

"तुम्हाला प्रवेश नाही, म्हणतंय हे," अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले.

"अण्णा, तुम्ही होता?"

"व्हय."

"मला वाटलं..."

"तुला काय वाटायचं ते वाटू दे. आबासाहेब कुठं हाईत आता?"

"डाव्या कोपऱ्यात. खाली."

अण्णांनी डोळे मिटले. मला त्या क्षणी जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात नलवडे साहेब आत आले. भला शांत माणूस, पण कपाळावरची शीर उडत होती.

"पोरी, तुमचं राहू दे," ते म्हणाले. "खोत स्टेजवरून उठलेत. आबासाहेबांचा मुलगा पहिल्या रांगेत बसलाय, त्यानं फोटो बघितलाय. गुरव, तुमची पीपीटी तयार आहे?"

"हाय साहेब."

"फोटो?"

"एकूण एक जागेवर."

"मग तीच लावा. संपला विषय."

संपलंच होतं. दोन वर्षं, गिरणीवरची खोली, सगळं त्या एका वाक्यात संपलं. इरफान दारात येऊन उभा होता, त्यानंही ऐकलं. अण्णांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि हातात घेऊन नुसते बसून राहिले.

"गुरव, अठरा मिनिटं राहिलीत."

"साहेब, माझ्यात कालचा आकडा हाय."

"कसला आकडा?"

"दूध संकलनाचा. आज सकाळचं दूध पहिल्यांदा तीन लाख लिटरच्या वर जाणार म्हणताहेत. चेअरमन भाषणात तेच बोलणार. आणि मागं पडद्यावर दोन लाख शहाण्णव हजार दिसणार."

"मग बदला."

"चंदगडचं माप अकरानंतर येतंय. तवर माझी पीपीटी तिकडं मांडवात सुरू झालेली असणार. चालू पीपीटीत मला हात घालता येत नाही. सोळा वर्षं येत नाही." मग माझ्याकडं बघत म्हणाले, "यांच्यात येतंय. यांचं लावा."

नलवडे साहेबांनी त्यांच्याकडं असं बघितलं जणू माणूस ओळखीचा नाही. "तुमच्या जबाबदारीवर?"

"माझ्या. पण पहिल्या स्लाइडला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. बाकी ज्याची त्याला."

साहेबांनी इरफानला विचारलं, "होईल असं?"

"पहिली स्लाइड वेगळी काढून एकाच माणसाला उघडेल अशी करतो," इरफान म्हणाला. तो एव्हाना पळायलाच लागला होता. "दहा मिनिटं द्या."

त्याला नऊ लागली. मी अण्णांच्या शेजारी उभी राहिले. त्यांना आत घेतलं, नावाच्या चौकटीत मी स्वतः 'शशिकांत गुरव' लिहिलं. मग अण्णांनी काम सुरू केलं. वेगात, पण घाई नाही. तोंडानं पुटपुटत होते: आबासाहेब वर, मधोमध, कुणाच्याही दीडपट. चेअरमन उजवीकडं. व्हाइस चेअरमन डावीकडं, केसभर खाली. खोत आणि त्यांचे मेहुणे एका ओळीत नकोत, बोलचाल बंद आहे. आजऱ्याचे संचालक वयानं मोठे, ते आधी. महिला संचालक कडेला नकोत, गेल्या वर्षी वाईट वाटलं होतं त्यांना. मी ऐकत होते. दोन वर्षांत आम्ही फलकमध्ये चाळीस सोयी घातल्या होत्या, पण असलं काही आमच्या गावीही नव्हतं.

दहा अठ्ठावन्नला पडद्यावर पहिली स्लाइड पुन्हा लागली. मांडव शांत झाला. आबासाहेबांच्या मुलानं हात जोडले. खोत परत येऊन बसले, बसताना पडद्यावरचा आपला फोटो दोनदा बघून घेतला.

माझ्या जिवात जीव आला, पण अर्धाच. इंटरनेट दोन डोंगलवर चाललं होतं. एक टेबलावर ठेवलेलं आणि दुसरं इरफाननं हातात धरलेलं, कारण खिडकीत एका विशिष्ट जागी धरलं तरच त्याला रेंज मिळत होती. तो सव्वा तास हात वर करून उभा होता. मी त्याला पाणीसुद्धा पाजलं.

अकरा पंचवीसला चेअरमन संकलनाच्या स्लाइडवर आले. अकरा केंद्रांची नावं, दहा आकडे भरलेले. चंदगडसमोर रिकामी चौकट. खाली एकूण दोन लाख अठ्ठ्याहत्तर हजार पाचशे पंचवीस.

"आणि आज," चेअरमन म्हणाले, आणि मागं वळून पडद्याकडं बघत थांबले.

चार हजार माणसं पडद्याकडं बघत होती. अण्णांनी फोन कानाला लावला होता. "सुमन, झालं का माप? मग लिही की बाई. भिऊ नको, तुझ्याच चौकटीत लिहायचं."

चंदगडच्या केंद्रातली सुमन नाईक ही क्लार्क. तिनं आयुष्यात कधी सभेत तोंड उघडलं नव्हतं. पडद्यावर एक केशरी बाण आला, त्याच्याखाली तिचं नाव. बाण जरा इकडंतिकडं झाला, मग चौकटीत शिरला. दोन. मग तीन. मग तिनं दोन्ही पुसले. मांडवातून एक लांब श्वास ऐकू आला. पुन्हा दोन, तीन, सहा, एक, पाच. तेवीस हजार सहाशे पंधरा.

खालची बेरीज आपोआप बदलली. तीन लाख दोन हजार एकशे चाळीस.

मग चंदगडकडच्या रांगा उठल्या, टोप्या उडाल्या, शिट्ट्या सुरू झाल्या, आणि चेअरमन माइकवर काय बोलले ते कुणालाच ऐकू आलं नाही. इरफान खिडकीत उभ्या उभ्या रडत होता आणि तरीही हात खाली घेत नव्हता. मी अण्णांना मिठी मारली. त्यांना ते फार अवघड झालं. ते फोनवर म्हणाले, "सुमन, बरोबर आलंय. आता बंद कर आणि जेवायला जा."

जेवणाच्या पंगतीत नलवडे साहेब स्वतः आमच्या पानापाशी आले. "पुढच्या महिन्यापासून सगळ्या केंद्रांत फलक," ते म्हणाले.

मला एवढा आनंद झाला होता की मी काहीही कबूल केलं असतं. पण तोंडाला कुलूप नसणं त्या दिवशी एकदाच कामाला आलं. "एक अट आहे साहेब. गुरवअण्णा फलकवर मुख्य. कुणाला कुठली स्लाइड उघडायची हे ते ठरवणार. ते नसतील तर आम्ही देणार नाही."

इरफाननं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

साहेब हसले. "मी त्यांना पशुखाद्याच्या गोदामावर पाठवणार होतो. तुमचं आलं तर संगणक विभागात त्यांना काम काय उरणार? त्यांना तसं सांगितलंही होतं."

"कधी?"

"तुम्ही मंडळाला दाखवलंत त्याच दिवशी." त्यांनी तिथूनच अण्णांना हाक मारली आणि अट सांगितली. अण्णा "बरं साहेब" एवढंच म्हणाले आणि आमटी वाढणाऱ्याला थांबवून वाटी पुढं केली.

चार दिवसांनी गिरणीवरच्या खोलीत आम्ही त्या दिवसाच्या नोंदी तपासत होतो. कुणी काय बिघडवलं ते बघून कुलपं बसवायची होती. इरफाननं करड्या बाणाच्या सगळ्या नोंदी वेगळ्या काढल्या. त्या सभेच्या दिवसापासून सुरू होत नव्हत्या. त्याच्या आठ दिवस आधीपासून रोज सकाळी सात वाजता, ऑफिस उघडायच्या आधी, अण्णा फलक उघडून बसत होते. संघाचा अख्खा अहवाल त्यांनी त्यात एकदा करून पुसला होता, पुन्हा केला होता. नाव लिहिलं असतं तर ऑफिसात बोभाटा झाला असता, गुरव तिकडं गेला म्हणून.

आणि सगळ्यात पहिली त्यांनी केलेली फाइल एकाच स्लाइडची होती. मी ती उघडायला नको होती. उघडली.

"मा. कार्यकारी संचालक यांस. मी शशिकांत गुरव, सोळा वर्षांच्या सेवेनंतर, स्वखुशीने राजीनामा देत आहे." खाली तारीख वार्षिक सभेची होती.

शेजारी नोंद होती. लिहिली, सभेच्या आठ दिवस आधी, सकाळी सात दहा. नंतर रोज एकदा उघडली, बदल नाही. सभेच्या दिवशी सकाळी सातला उघडली, बदल नाही. पुसली, त्याच दिवशी, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटं.

मी घड्याळ मनातल्या मनात मागं नेलं. "यांचं लावा" असं अण्णा म्हणाले तेव्हा अकराला सतरा मिनिटं कमी होती. पेनड्राइव्ह त्यांच्या हातात होता, साहेबांनी हुकूम दिलेला होता, त्यांनी गप्प बसायचं तेवढंच बाकी होतं. आणि ती स्लाइड तेव्हा लिहिलेलीच होती.

"आपल्या नोंदीतूनही पूस हे," मी इरफानला म्हटलं.

"नोंद कधी पुसायची नाही, असा नियम तूच केलायस."

"पूस."

त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि पुसली.